छोट्या व्यवसायांच्या संगणकांची देखभाल : हुमनाबादच्या अनुषंगाने



पुणे–सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग आणि बिदरहून कलबुर्गीकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे हुमनाबाद वसले आहे. पश्चिमेस उमरगा, म्हणजे महाराष्ट्र. पूर्वेस जहीराबाद, म्हणजे तेलंगणा. आणि गाव स्वतः कर्नाटकात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी ही तिन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात मोडत होती. त्या काळी हुमनाबादच्या व्यापाऱ्याने उमरग्यास माल पाठविला तर तो घरातल्या घरात झालेला व्यवहार असे. आज तोच माल त्याच रस्त्याने निघाला की तो आंतरराज्य व्यवहार ठरतो. वस्तुतः बाजार बदललेला नाही, गिऱ्हाईकही बदललेले नाही. बदलली आहे ती कागदपत्रे, आणि आता ती कागदावरही राहिलेली नाहीत.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. या कायद्यान्वये जो व्यापारी करपात्र वस्तू परराज्यात विकतो त्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी, नोंदणी करावीच लागते. लहान व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी असलेली ठोक कराची योजनाही परराज्यात माल विकणाऱ्यास मिळत नाही. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल सीमेपलीकडे न्यावयाचा असेल तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल काढावे लागते. वार्षिक उलाढाल ५ कोटींपलीकडे गेलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून इतर व्यापाऱ्यांना द्यावयाची बिलेही सरकारी संकेतस्थळावर नोंदवून घ्यावी लागतात. हे सारे संगणकाविना होणे नाही. अंतर्भागातील एखाद्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानदार वहीवर भागवू शकेल. हुमनाबादसारख्या तीन राज्यांच्या तिठ्यावर मोटारीचे सुटे भाग, पाइप, रंग, विजेचे सामान विकणाऱ्यास ते शक्य नाही. तात्पर्य, संगणकाची गरज महानगरातील मोठ्या पेढीपेक्षा सीमेवरील छोट्या दुकानास काकणभर अधिकच आहे. आणि त्याची देखभाल करणारा माणूस मात्र महानगरात आहे.

अशा एखाद्या दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. गल्ल्याजवळ एक संगणक, आतल्या खोलीत दुसरा, बिले छापणारे यंत्र, इंटरनेटचा राउटर, चार कॅमेरे व त्यांची नोंद ठेवणारी पेटी, वीज गेल्यावर आधार देणारा यूपीएस. हिशेब टॅलीमध्ये. बेंगळुरूच्या या कंपनीचा प्रोग्राम व्यापारी वर्गात इतका रुळला आहे की ‘खात्यावर लिहिले’ असे म्हणण्याऐवजी ‘टॅलीत टाकले’ असेच म्हटले जाते. या सर्व साहित्याची देखभाल कोण करतो, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते : बंद पडले की एका मुलाला बोलावतो. तो मुलगा कधी नात्यातला असतो, कधी संगणक विकणाऱ्या दुकानातला. तो येतो, काहीतरी करतो, यंत्र सुरू होते, दोन-चारशे रुपये घेऊन जातो. त्याने काय केले हे दुकानदारास कळत नाही आणि पुष्कळदा पुढच्या वेळी त्या मुलाच्याही लक्षात नसते. माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या उत्सवात किंवा वीरभद्रेश्वराच्या जत्रेत दुकानापुढे गिऱ्हाइकांची दाटी असताना यंत्र बसले आणि तो मुलगा हैदराबादला गेलेला असला, म्हणजे या व्यवस्थेची खरी किंमत कळून येते.

देखभालीचे काम बाहेरच्या माणसाकडे सोपविणे यात गैर काही नाही. वीस-पंचवीस बिले फाडणाऱ्या दुकानास पगारी तंत्रज्ञ परवडणार नाही, आणि ठेवला तरी त्यास दिवसभर काम पुरणार नाही. प्रश्न एवढाच की हे काम कोणत्या अटींवर सोपवावे. या बाबतीत आपल्या खेड्यांचा जुना अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. बलुतेदारीत सुतार किंवा लोहार शेतकऱ्याकडून दर दुरुस्तीचे दाम घेत नसे. सुगीच्या वेळी ठरलेले धान्य घ्यावयाचे आणि वर्षभर औते-अवजारे चालती ठेवावयाची, असा करार असे. कन्नड मुलुखात अशा सेवकांस आयगार म्हणत. त्या पद्धतीत जातीची बेडी होती, पिढीजात सक्ती होती, आणि ती मोडली हे योग्यच झाले. परंतु तिच्यातील एक हिशेब मात्र शहाणपणाचा होता : नांगर मोडला तर त्रास सुताराचाच वाढे, मिळकत वाढत नसे. साहजिकच नांगर मोडू नये यातच त्याचे हित असे. ‘बंद पडले की बोलवा’ या पद्धतीत नेमके उलट घडते. यंत्र जितक्या वेळा बंद पडेल तितक्या वेळा येणाऱ्यास पैसे मिळतात. यात कोणाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. व्यवस्थाच तशी आहे.

वार्षिक देखभालीचा करार हा या दृष्टीने बलुत्याचा सुधारलेला अवतार म्हणता येईल. त्याचे दोन प्रकार बाजारात आहेत. एकात केवळ श्रम मिळतात, बदललेल्या भागांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. दुसऱ्यात भागही धरलेले असतात. दुसरा प्रकार ऐकावयास गोड वाटतो, पण यंत्रे जुनी असतील तर करार देणारा तो जोखमीचा भार आधीच किमतीत मिळवितो. सहा-सात वर्षे वापरलेल्या संगणकांसाठी पहिला प्रकार घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून नवे यंत्र घेण्याची तरतूद करावी, हे व्यवहारी ठरते.

परंतु कराराची खरी परीक्षा बिघाड झाल्यावर होत नाही, बिघाड नसलेल्या महिन्यांत होते. देखभाल करणाऱ्याने ठरलेल्या दिवशी येऊन पाहावयाच्या गोष्टी साध्या आहेत. यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकते. विजेच्या जोडणीस अर्थिंग नीट आहे की नाही. पंख्यावर धूळ किती साचली आहे. या भागात मे महिन्यात वळवाच्या सरी येतात त्या विजांचा कडकडाट घेऊनच. छपरावरून आलेल्या केबलमधून झटका येऊन राउटर जळणे, त्यापाठोपाठ संगणकाचा नेटवर्कचा भागही जाणे, हे प्रकार पावसाळ्याच्या तोंडी होतात. वादळाचे लक्षण दिसताच केबल काढून ठेवण्यास काही खर्च येत नाही. पण ती कोणती केबल, हे दुकानातील माणसास कोणीतरी दाखवून ठेवलेले असावे लागते. केबलच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावून देणारा तंत्रज्ञ हा चांगला तंत्रज्ञ समजावा.

त्याहून महत्त्वाचे काम डोळ्यांना दिसत नाही. संगणकाच्या मूळ प्रणालीत दोष सापडतात, कंपनी त्यावर उपाय पाठविते, आणि तो उपाय प्रत्येक यंत्रावर चढवावा लागतो. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने असाच एक उपाय प्रसृत केला होता. ज्यांनी तो चढविला नाही त्यांच्या यंत्रांत मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम शिरला, फायलींना कुलूप लावून पैसे मागू लागला, आणि काही दिवसांत जगभर पसरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांनाही त्याची झळ पोहोचली. उपाय दोन महिने आधी, तोही फुकट, उपलब्ध होता. चढविणारा हात तेवढा नव्हता. विंडोज ७ या प्रणालीस मिळणारे असे नियमित उपाय १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आपल्या यंत्रावर कोणती प्रणाली आहे, एवढे तरी प्रत्येक दुकानदाराने देखभाल करणाऱ्यास विचारून घ्यावे. चोरीच्या प्रतींवर चालणाऱ्या यंत्रांबाबत तर बोलावयासच नको. तेथे उपायाच्या नावाखाली काय चढविले जाते हे सांगणे कठीण.

यंत्र एकाचे आणि देखभाल दुसऱ्याची, ही रीत भारतात नवी नाही. १९७० च्या दशकात देशातील पुष्कळशा मोठ्या संस्थांमधील संगणक अमेरिकन आयबीएम कंपनीचे होते आणि त्यांची देखभालही तीच कंपनी करी. परकीय भांडवलासंबंधीच्या १९७३ च्या कायद्यानुसार हिस्सा कमी करण्याचे मान्य न झाल्याने १९७८ मध्ये ती कंपनी देश सोडून गेली. यंत्रे मात्र येथेच होती. ती चालविण्याची जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. ज्यांनी यंत्र बनविले नाही अशा भारतीय अभियंत्यांनी ते उघडून, समजून घेऊन चालते ठेवले. त्याच संस्थेने पुढे १९८० च्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभारली. सीएमसी या नावाने ती ओळखली जाऊ लागली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. या देशातील संगणक व्यवसायाच्या इतिहासात दुरुस्ती करणाऱ्यांना मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

आता धोक्याची बाजू. देखभाल करणारी एक पेढी शंभर दुकानांची यंत्रे दूरवरून सांभाळते, तेव्हा त्या शंभर दुकानांच्या दारांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात येतात. २ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील कासेया कंपनीच्या प्रोग्राममधून नेमका याच वाटेने हल्ला झाला. तो प्रोग्राम छोट्या व्यवसायांची देखभाल करणाऱ्या पेढ्या वापरीत असत. त्यांच्यामार्फत दीड हजारांपर्यंत व्यवसायांच्या यंत्रांना कुलूप लागले. स्वीडनमधील कूप या किराणा दुकानांच्या साखळीचा त्या कंपनीशी थेट संबंधही नव्हता. तरीही गल्ल्यावरील यंत्रे बंद पडल्याने तिला शेकडो दुकाने मिटून घ्यावी लागली.

हे फार लांबचे उदाहरण वाटत असेल तर जवळचे घ्यावे. आपल्याकडील अनेक सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँका स्वतःची संगणकव्यवस्था स्वतः चालवीत नाहीत. तशी ताकद त्यांच्यापाशी नसते. सी-एज या कंपनीकडे असे काम मोठ्या प्रमाणावर आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस तिच्या व्यवस्थेत खंडणीखोर प्रोग्राम शिरला. देशाची देयकव्यवस्था सांभाळणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाने ३१ जुलै रोजी तिला तात्पुरते तोडले, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. ज्या खातेदाराने त्या दिवशी खताच्या दुकानात मोबाइल पुढे केला असेल, त्यास ना सी-एजचे नाव ठाऊक होते, ना चूक त्याच्या बँकेच्या इमारतीत कोठे घडली होती. तेव्हा तोडण्याचा निर्णय तत्परतेने झाला म्हणून हानी आवरली गेली. छोट्या दुकानदाराच्या बाबतीत तोडणारे असे महामंडळ नसते. दोर कोठून कापावयाचा हे त्यास स्वतःलाच ठाऊक असावे लागते.

यास्तव देखभाल सोपवावी, मालकी सोपवू नये. जुन्या मराठी दफ्तरांतील कीर्द-खतावण्या मोडीत लिहिलेल्या असत. मोडी वाचणारा मुनीम गेला की वही घरात असूनही परक्यासारखी होई. सावकाराच्या वारसांना आपलेच येणे कोणाकडे आहे हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. आज परवलीच्या शब्दांची तीच गत होऊ लागली आहे. राउटरचा पासवर्ड बसविणाऱ्यास ठाऊक, कॅमेऱ्यांचा दुसऱ्यास, टॅलीचा तिसऱ्यास. सर्वांत चिंतेची बाब कराच्या संकेतस्थळावरील नोंदणीची. कित्येक छोट्या व्यापाऱ्यांच्या नोंदणीत मोबाइल क्रमांक आणि ई-मेल सल्लागाराचा किंवा संगणकवाल्याचा घातलेला असतो. सोयीसाठी घातलेला असतो, वाईट हेतूने नव्हे. पण पडताळणीचा प्रत्येक क्रमांक मग त्याच्याच फोनवर जातो. उद्या संबंध बिघडले, किंवा तो माणूस गाव सोडून गेला, तर व्यापारी स्वतःच्याच पेढीच्या दारात तिऱ्हाइतासारखा उभा राहतो. नोंदणीतील मोबाइल मालकाचाच हवा. सर्व पासवर्ड एका वहीत लिहून ती वही तिजोरीत ठेवावी. संगणकाच्या काचेवर चिकटवू नये. विकत घेतलेल्या प्रोग्रामचे परवाने, संकेतस्थळाचे नाव असल्यास तेही, दुकानाच्याच नावे घ्यावे. आणि बँकेचा पिन कोणत्याही देखभालीच्या करारात बसत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरी सांगावे लागते.

दूरवरून यंत्र हाताळण्याचे प्रोग्राम आता सर्रास वापरले जातात. कलबुर्गीत बसलेला तंत्रज्ञ हुमनाबादच्या पडद्यावरील बाण हलवू शकतो. त्यामुळे जाण्या-येण्याचा वेळ वाचतो, हे खरेच. भामटेही तेच प्रोग्राम वापरतात. कंपनीकडून बोलतो आहे, तुमच्या यंत्रात बिघाड आहे, अमुक क्रमांक सांगा, असा फोन येतो. याला एक साधा नियम पुरेसा आहे : फोन नेहमी दुकानाने करावयाचा, आलेल्या फोनवर यंत्र कोणाच्याही हाती द्यावयाचे नाही. हा नियम गल्ल्यावर बसणाऱ्या मुलासही समजावून द्यावा. कारण असे फोन मालक जेवावयास गेलेला असतानाच येतात.

हिशेबाच्या नकलेविषयी थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे. कराच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. म्हणजे सहा वर्षे. संगणकातील चकती तितकी टिकेलच असे नाही. जाणकारांची रीत अशी की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर असावी. व्यवहारात याचा अर्थ असा : एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या चकतीवर, एक इंटरनेटवरील भांडारात किंवा घरी नेलेल्या दुसऱ्या चकतीवर. पुष्कळ ठिकाणी बाहेरची चकती अष्टौप्रहर संगणकालाच लावून ठेवलेली आढळते. खंडणीखोर प्रोग्राम शिरला तर तो तिलाही कुलूप घालतो. मग ती प्रत असून नसल्यासारखी. नक्कल झाली की चकती काढून ठेवावी. आणखी एक गोष्ट देखभाल करणाऱ्याकडून दर तिमाहीस करवून घ्यावी : त्या नकलेवरून एखाद्या जुन्या महिन्याचा हिशेब दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखविणे. जी नक्कल कधी उघडून पाहिलेली नाही तिच्यावर विसंबणे म्हणजे रिकाम्या कणगीच्या भरवशावर पाहुणे बोलावणे होय.

सीमाभागात एक निराळीच अडचण आहे, ती बाहेरच्या तंत्रज्ञास चटकन उमगत नाही. येथील छापखान्यांत लग्नपत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत छापल्या जातात. जुन्या मजकुराचा मोठा साठा श्रीलिपी किंवा नुडी यांच्या जुन्या टंकांत केलेला असतो. यंत्र बदलताना ते टंक हलविले नाहीत, तर उघडलेल्या फाइलीत अक्षरांऐवजी चिन्हांचा काला दिसतो. मजकूर गेलेला नसतो. वाचण्याची चावी गेलेली असते. ज्यांच्याकडे असा साठा आहे त्यांनी तो सर्वत्र वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम करारातच घालावे. शाळांनी जुनी हजेरीपत्रके, प्रश्नपत्रिका यांबाबत आणि ग्रामपंचायतींनी जुन्या ठरावांबाबत हीच दक्षता घ्यावयास हवी.

करारही बहुधा इंग्रजीत असतो, बारीक अक्षरांत, आणि सही करणारा तो वाचत नाही. तो मराठीत, कन्नडमध्ये, ज्यास जी भाषा वाचता येते तीत मागावा. दोन पाने पुरतात. कोणती यंत्रे करारात आहेत त्यांची यादी. फोन केल्यापासून किती तासांत उत्तर मिळेल व किती तासांत माणूस येईल. तो न आल्यास किती रक्कम वजा होईल. आणि करार संपला तर सर्व माहिती व पासवर्ड किती दिवसांत परत मिळतील. या शेवटच्या कलमाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लग्न ठरविताना काडीमोडाची भाषा नको, असे वाटत असावे. पण ज्या पेढीला हे कलम लिहून देण्यास संकोच वाटतो, तिच्याशी करार न केलेला बरा.

एकट्या दुकानास चांगली पेढी दाद देत नाही, ही तक्रार खोटी नाही. बिदर आणि कलबुर्गी या जिल्हा ठिकाणांहून एका यंत्रासाठी माणूस पाठविणे कोणास परवडणार? त्यावर उपाय एकत्र येण्याचा. एका बाजारपेठेतील पंधरा-वीस दुकाने, एखादी खासगी शाळा, एखादी पतसंस्था यांनी मिळून एकच करार केला, तर तितक्या कामावर गावातच एक तरुण पोट भरू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून संगणक चालविण्याचे, तसेच संगणकाचे भाग व नेटवर्क यांच्या देखभालीचे अभ्यासक्रम शिकविले जातात. या भागातील मुले ते शिकून हैदराबाद, पुणे, बेंगळुरूची वाट धरतात. हैदराबादेतील कित्येक कार्यालयांत रात्रपाळीला बसून साता समुद्रांपलीकडील दुकानदारांची यंत्रे फोनवरून दुरुस्त केली जातात. आणि गावच्या पेठेत संध्याकाळी यंत्र बसले तर सकाळपर्यंत थांबावे लागते. ही विसंगती तांत्रिक शाळांच्या शिक्षकांनी मनावर घेण्यासारखी आहे. प्रशिक्षणातील मुलांना प्रात्यक्षिकासाठी बाजारपेठेतील खरीखुरी दुकाने मिळाली, तर दोन्ही बाजूंची ओळख आपोआप होईल.

पडद्यावर एखाद्या दिवशी पैसे मागणारा मजकूर दिसलाच, तर प्रथम नेटवर्कची केबल काढावी आणि राउटर बंद करावा, म्हणजे शेजारचे यंत्र वाचेल. नकलेची चकती त्या यंत्राला मुळीच लावू नये. मग देखभाल करणाऱ्यास बोलवावे. खंडणी दिल्याने फायली परत मिळतीलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. कंपन्यांना आणि सेवा पुरविणाऱ्या संस्थांना तर २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत ती कळविणे बंधनकारक आहे. देखभाल करणारी पेढी हा नियम जाणते की नाही, हे करारापूर्वीच विचारून पाहावे.

करार कोणत्या महिन्यात करावा, असेही विचारले जाते. मार्च टाळावा. वर्षअखेरच्या घाईत कोणासच यंत्र उघडून देण्याची सवड नसते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नवे खाते उघडले जाते, तेव्हाच सर्व यंत्रांची यादी करावी, जुने पासवर्ड बदलावेत, गतवर्षीच्या हिशेबाची नक्कल काढून तिच्यावर वर्ष लिहून ठेवावे, आणि अर्थिंगची तपासणी वळवाच्या आधी उरकून घ्यावी.